फ्रान्सेसा, आलेमाना, राजूरवाली

सरांचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील.

दारव्ह्याच्या बाहेर यवतमाळ रोडला कापसाचं काम करणाऱ्या एका संस्थेचं गेस्टहाऊस आहे. सर तिथले मॅनेजर. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती. शाळेचा दाखला नव्हता, कारण सातवी मी अर्धीच सोडली. नवरा रस्त्याच्या ठेकेदाराकडे रोलर चालवायचा. इथला रस्ता झाला, ठेकेदार तेलंगणात गेला, नवरा त्याच्याबरोबर गेला आणि मला बरोबर न्यायचं त्याला सुचलं नाही. माझं माहेर गुहागरकडचं, समुद्राला लागून. तिकडे परत जाऊन भावजयीच्या तोंडाकडे बघत जेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, स्वयंपाक येते का. येतो म्हटलं. त्यांनी स्वयंपाकघरामागच्या खोलीची चावी माझ्या हातावर ठेवली. त्या चावीसाठी मी त्यांचं काहीही ऐकलं असतं, आणि ऐकलंच.

त्यांना मी अहो-जाहो करते. लिहितानाही करते. एखाद्याचा आदर संपला तरी तोंडाची सवय संपत नाही.

संस्थेकडून कापूस घेणारे लोक स्पेनचे. दरवर्षी थंडीत, दुसरा वेचा चालू असताना, त्यांची टोळी येते, शेतं बघते, बायांशी बोलते आणि जाते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक बाई एकटीच आली आणि सगळा हिवाळा राहिली. साठीची, झाडांच्या सालींपासून रंग काढणारी. कामावरून आली की स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायची, कारण बाकीचं गेस्टहाऊस थंड पडायचं. मी तूर निवडायची, ती माझ्याबरोबर निवडायची. तिला मराठी येत नव्हती, मला काहीच येत नव्हतं. मग तिने मोबाइलमधले फोटो काढले आणि मला शिकवायला लागली.

फोटो तिच्या कारखान्यातले. तिथे देशोदेशीच्या बाया. बोट ठेवून विचारायची, ही कोण? ही फ्रान्सेसा, म्हणजे फ्रान्सची बाई. पुरुष असेल तर फ्रान्सेस. ही आलेमाना, जर्मनीची. तिचा नवरा आलेमान. ती स्वतः एस्पान्योला, तिचा भाऊ एस्पान्योल. एखादीला मी पुरुषाचा शब्द लावला की ती पुढचा फोटो दाखवायचीच नाही. निवडलेली तूर सुपात ठेवून गप्प बसायची, मी दुरुस्त करेपर्यंत. लिहायलाही तिनेच शिकवलं. फ्रान्सेस लिहिताना शेवटून दुसऱ्या अक्षरावर एक तिरकी रेघ येते, फ्रान्सेसा लिहिताना ती जाते. आलेमानचंही तसंच. बेल्जियमच्या बाईला मात्र बेल्गा आणि पुरुषालाही बेल्गाच. मोरोक्कोचे दोघेही मार्रोकी. मी म्हटलं, हे आमच्या कोकणीसारखं झालं, कोकणी माणूस, कोकणी बाई. तिला ते कळलं नाही, पण हसली. मला यात अवघड काही वाटलं नाही. ज्याच्या तोंडी शिंपी-शिंपीण, माळी-माळीण लहानपणापासून आहे त्याला कशाला वाटेल? गॅस सिलिंडरच्या वहीच्या मागच्या पानांवर मी सगळं उतरवून घेतलं. भारताची बाई म्हणजे इंदिया. देशाला मोठं अक्षर, बाईला लहान. बाकी शब्द तोच. ते कळलं त्या दिवशी मी भात लावायचा विसरले.

सरांची स्पॅनिश मोबाइलची. रोज सकाळी ऑफिसात पाय टेबलावर ठेवून मोबाइल काय बोलतो ते ऐकायचे आणि मोबाइल त्यांना शाबासकी द्यायचा. एकही दिवस खाडा नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सफरचंद खाणारा मुलगा, पाणी पिणारं मांजर, एवढं त्यांना येत होतं. मांजर पाणी पितं हे दारव्ह्यात स्पॅनिशमध्ये कुणाला सांगायची वेळ येते, ते सरच जाणोत.

गेल्या हिवाळ्यात टोळी यायची होती. पाच बाया होत्या: पुढारीण स्पेनची, दुसरी फ्रान्सची, तिसरी जर्मनीची, आणि बेल्जियम आणि मोरोक्कोची एकेक. सरांच्या डोक्यात आलं की जेवणाच्या टेबलावर प्रत्येकीच्या ताटापाशी कार्ड ठेवायचं, वर नाव, खाली ती कुठली ते. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम मला दिलं. यादी त्यांनी केली होती. बेल्गा आणि मार्रोकी सोडून यादीत सगळ्या बाया पुरुष होत्या. एस्पान्योल, फ्रान्सेस, आलेमान. मी कार्डांवर नीट लिहून नेलं. त्यांनी यादीशी ताडून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

हे शेपूट कायले जोडलं, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, सर, बाईमाणूस आहे म्हणून. त्यावर ते म्हणाले की धंद्यात बाई नसते अन् माणूस नसते, धंद्यात फक्त पार्टी असते. आणि सातवी नापासने मोबाइलच्या पुढं जाऊ नये. नापास नाही, सोडली होती, हे मी बोलले नाही. खोलीची आठवण झाली. आत गेले आणि ती तीन कार्डं त्यांच्या यादीप्रमाणे पुन्हा लिहिली. चूक आहे हे माहीत असून सुबक अक्षरात लिहिली. माझ्याविषयी काही वाईट सांगायचं असेल तर हे सांगेन.

संध्याकाळी त्या जेवायला बसल्या. फ्रान्सच्या बाईने कार्ड उचललं, शेजारणीला दाखवलं, पर्समधून पेन काढून वरची रेघ खोडली आणि शेवटी एक अक्षर वाढवलं. सरांना वाटलं ती सही करते आहे. त्यांनी बाकीच्यांपुढेही पेन धरलं. मग कुणीतरी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि सरांचा चेहरा पडला, पण अर्धा मिनिटच. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, हिने लिहिलं, शिकलेली नाही बिचारी. तेवढी इंग्रजी मला कळते. मी पोळ्या घेऊन उभी होते. पाचही जणी माझ्याकडे दयेने बघून हसल्या आणि मी पोळ्या वाढल्या.

ड्रायव्हरचाचा व्हरांड्यात बसले होते. दारव्ह्यात त्यांच्या भावाचं गॅरेज आहे, आणि संस्थेची जीपही तेच चालवतात, तेच दुरुस्त करतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला म्हणाले, "बाई, गाडीचा ब्रेक याचा, ठोकर याची, अन् चालान तुह्या नावावर. असा साहेब मले भेटला असता त मी नमाज सोडून शिव्या शिकलो असतो." मी म्हटलं, चाचा, त्यांनी मला खोली दिली. ते म्हणाले, हो, थे बी खरं हाय.

दुसऱ्या दिवशी बोरी अरब या गावाला जायचं होतं. मला जेवण घेऊन मागे बसवलं. शेताच्या बांधावर, एका कडूनिंबाखाली, संस्थेला कापूस देणाऱ्या गटातल्या आठ-दहा बाया जमल्या होत्या. पलीकडे त्यांचे सासरे, जेठ म्हणजे थोरले दीर, नवरे, हात मागे बांधून उभे. पुढारीण बाईला हेच बघायचं होतं: कापूस बायाच पिकवतात का, आणि ज्या समोर आहेत त्या खरोखर इथल्या आहेत का. गटाचं काम पुढे चालायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. दुसऱ्या कुठल्या तरी गावात म्हणे त्यांच्यासमोर भाड्याच्या बाया उभ्या केल्या होत्या, तेव्हापासून त्या सावध. हे सगळं सरांनीच आम्हाला आदल्या दिवशी दहा वेळा बजावलं होतं.

सर पुढे झाले. एकेक सांगा, म्हणाले. सासऱ्या-जेठासमोर सुना कशाला बोलतात? त्यांनी पदर ओढला आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बघितलं. म्हातारी पुढे झाली आणि ज्या नावांनी गावात हाका मारतात त्याच नावांनी सांगायला लागली. "हे आमची राजूरवाली. हे पुसदवाली. थे मांगं उभी हाय थे नेरवाली. हे लहानी आर्णीवाली."

या भागात सून आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. ती ज्या गावची, त्या गावाने तिला ओळखतात. मरेपर्यंत ती राजूरवाली. मी इथे कुणाची सून नाही, तरी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत मी कोकणवाली. यात समजायला काही नाही. सर वर्ध्याचे, त्यांच्या आईलाही कुणीतरी असंच कुठल्या तरी गावाची 'वाली' म्हणत असेल, आणि ते ती हाक ऐकतच मोठे झाले असतील. पण साहेब झालं की माणूस कान ऑफिसात ठेवून बाहेर पडतो. सरांच्या हातात फॉर्म होता. एक रकाना नावाचा, एक शेत कुठे आहे त्याचा. गावांची नावं कानावर आली तशी त्यांनी दुसऱ्या रकान्यात भरून टाकली. राजूर, पुसद, नेर, आर्णी. पहिल्या रकान्यासाठी नवऱ्यांची नावं त्यांच्याकडे आधीच होती. फॉर्म भरून त्यांनी पुढारणीला दिला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाले, शेतं, शेतं.

तिने फॉर्म वाचला. मोबाइल काढला, नकाशा उघडला. मी जेवणाचे डबे खाली ठेवत होते, माझ्या समोरच तिचा चेहरा बदलला. राजूर म्हणजे वणीकडचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोळशाच्या खाणीचं. नकाशावर खाण दिसत होती. ती फ्रान्सच्या बाईला म्हणाली, या इथल्या नाहीत, या आणलेल्या आहेत. मला प्रत्येक शब्द कळला. रंगवाल्या बाईने मला हेच शब्द शिकवले होते: इथली, तिथली, कुठली.

मग ती सरांकडे वळली आणि सरळ विचारलं, या बायांना तुम्ही दुसऱ्या गावांहून आणलंत का?

सरांना फक्त बाया आणि गाव एवढंच कळलं असावं. ते हसले. "सी, सी," म्हणाले. म्हणजे हो, हो. आणि वर हात फिरवून सगळ्यांना त्यात घेतलं.

मी गप्प राहिले तर या बायांचा गट संपणार होता, आणि त्या अजून पदराआडून पाहुण्यांच्या बुटांकडे बघत होत्या. त्यांना पत्ताही नव्हता. मी बोलले तर सर चारचौघांत उघडे पडणार होते, आणि माझी खोली त्यांच्या हातात होती. मी भित्री आहे. रात्री दाराची कडी तीनदा तपासते. त्या वेळी धीर कुठून आला म्हणाल तर धीर नव्हताच. आदल्या संध्याकाळचा राग होता. ज्या माणसाला उत्तर देण्याआधी प्रश्न समजून घ्यायचीसुद्धा गरज वाटत नाही, त्याच्या एका 'हो'वर हे सगळं मोडणार, याचा राग.

मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "नाही. या इथल्या आहेत. मी इथली नाही."

सगळे माझ्याकडे वळले. डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. मला मोठी वाक्यं येत नव्हती म्हणून मी लहान लहान बोलले. म्हटलं, बाई, तुमची नावं मला घेता येत नाहीत. स्वयंपाकघरात मी म्हणते, हे फ्रान्सेसाचं ताट, आलेमानाला तिखट नको, एस्पान्योलाला चहा बिनदुधाचा. इथे तसंच आहे. ही राजूरहून आली, लग्न होऊन. म्हणून सगळे तिला राजूरची म्हणतात. तिचं शेत हे आहे. तिचे हात बघा.

राजूरवालीला काही कळलं नाही, पण सगळे तिच्या हातांकडे बघायला लागले म्हणून तिने ते पदराखाली घेतले. मी म्हटलं, बाई, दाखव त्यांना. तिने दाखवले. बोंडाची वाळकी टोकं बोटांना टोचून टोचून जे होतं ते तिथे होतं. नखांच्या कडेने जुने ओरखडे, त्यांच्यावर नवे. फ्रान्सेसाने तिचा हात हातात घेतला.

म्हातारीने मला विचारलं, काय म्हणून राह्यली हे? मी सांगितलं की यांना वाटलं तुमची वावरं राजूरला, पुसदला आहेत, आणि तुम्हाला इथे आणून उभं केलंय. पदरामागून हसू फुटलं. राजूरवालीने सासरा समोर आहे हे विसरून पहिल्यांदा तोंड उघडलं. "अवो, राजूरले त कोयसा हाय. थ्या कोयशात कापूस पेरला असता त काया निंघाला असता." म्हातारी तिला म्हणाली, "चाल, दाखव त्याह्यले तुहं वावर."

ती पुढे, पाचही बाया मागे, मी त्यांच्या मागे. ती कापसाच्या ओळीओळीने चालत राहिली आणि सांगत राहिली: इथे पाणी साचतं, इथली तूर डुकरांनी खाल्ली, या कोपऱ्यातली झाडं उशिरा लावली म्हणून बुटकी. मला अर्ध्याच शब्दांना स्पॅनिश सापडली, बाकीचं मी हातांनी केलं. डुकरासाठी मी आवाज काढला. पुढारीण हसली आणि तिने फॉर्मचा तो रकाना खोडून प्रत्येकीपुढे बोरी अरब लिहिलं.

सर बांधावरच राहिले. लांबून दिसत होते, मोबाइल कानाला लावून, कुणाशी तरी बोलत असल्यासारखे. तिथे रेंज नसते.

गेस्टहाऊसला उतरल्यावर, पाहुण्या आत गेल्यावर, सरांनी मला थांबवलं. "तुले मंधात बोलायले कोणी सांगतलं होतं? मी सांगणारच होतो त्याह्यले."

मी म्हटलं, सर, तुम्ही 'सी' म्हणालात.

"मी 'सी' म्हणलो म्हणजे ऐकून राह्यलो असं म्हणलो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "खोलीची चावी टेबलावर ठेव. सकाळी बोलू."

चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. पिशवी भरायला मला वेळ लागला नाही. तेवढ्या वर्षांत त्यात फार काही वाढलं नव्हतं. ऊन उतरत होतं आणि मी खाटेवर बसून विचार करत होते की दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून पुढे कुठे. भीती वाटत होतीच. पण तिच्या जोडीला अजून एक गोष्ट होती जी मला आवडली नाही: मला सरांचीच दया आली. या माणसाने मला दार उघडलं होतं तेव्हा स्वयंपाकापलीकडे काही विचारलं नव्हतं, आणि आज त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. दया येऊनही तिरस्कार कमी झाला नाही. दोन्ही एकाच ताटात बसले.

तेवढ्यात पुढारीण स्वयंपाकघरात आली. सर तिच्या मागे होते. पुढचे तीन दिवस तीन गावं बघायची होती आणि तिला मी बरोबर हवी होते. तिने ते मला विचारलं, त्यांना नाही. सर लगेच म्हणाले, मी तेच ठरवलं होतं, हिला मीच तयार केली. हे ते इंग्रजीत म्हणाले. पुढारणीने माझ्याकडे बघितलं. मी येते म्हणून मान हलवली. ती गेली.

सर दारातच उभे होते. खाटेवरची पिशवी त्यांना दिसत होती. खिशातून चावी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली, मिठाच्या बरणीजवळ. मग घसा साफ केला. म्हणाले की पुढल्या वर्षी यवतमाळच्या मोठ्या ऑफिसातले साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर बोलावं लागेल, तर मले थोडं शिकवजो. सकाळी, कोणी नसताना.

चावी अजून ओट्यावरच होती. मी ती उचलली नाही. जे कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं ते म्हटलं, "शिकवीन. पण वावरात बायांकडे मी जाईन. तुम्ही ऑफिस पाहा."

ते ओट्याकडे बघत राहिले. कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, ठीक हाय.

तेव्हापासून रोज सात वाजता ते स्टूल घेऊन बसतात. मी नीट शिकवते, वाकडं काही शिकवत नाही. छप्पर त्यांनी दिलं होतं, ते मी विसरत नाही. पण चुकले की मीही निवडलेली तूर सुपात ठेवते आणि गप्प बसते. ते चुकतात. अजूनही प्रत्येक बाईला पुरुष करतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी बघत नाही.